दुकानाचा कॉम्प्युटर आणि त्याच्या चाव्या: इंदूरच्या छोट्या व्यापाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेल रोडवर बसून कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागल्याला मला सतरा वर्षं झाली. गिऱ्हाईक बहुतेक आपलेच मराठी लोक: सियागंजात ठोक व्यापार करणारे, लोकमान्य नगरात घरी शिकवण्या घेणारे, सांवेर रोडला छोटा कारखाना टाकलेले, मल्हारगंजातले डॉक्टर. शटरला दोन कुलुपं, गल्ल्याची चावी कमरेला, आणि ज्या कॉम्प्युटरात सगळी उधारी आहे त्याचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने चिकटवलेला. हे इतक्यांदा पाहिलंय की आता हसूही येत नाही. फोनवर लोक तेच तेच विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. घाई असेल त्याने बॅकअपचा प्रश्न आधी वाचावा, बाकीचे सवडीने.

आमचं एवढंसं दुकान. आमच्यामागे कोण लागणार?

नाव बघून कोणी मागे लागत नाही. रात्री सराफ्याबाहेर गाड्या लागलेल्या असतात, तेव्हा एखादं पोरगं ओळीने एकेका गाडीचं हँडल ओढत जातं. ज्या गाडीचं दार उघडं, ती त्याची. इंटरनेटवर हेच काम प्रोग्रॅम करतात, दिवसरात्र, जगभरच्या कॉम्प्युटरांवर. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा व्हायरस असाच पसरला. विंडोजमधलं एक भोक त्याने वापरलं, आणि ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता. दोन महिने 'नंतर करू' म्हणत राहिलेल्यांच्या फायली गेल्या. त्यात ब्रिटनची सरकारी रुग्णालयंसुद्धा होती.

पण खरं सांगू का, असा परदेशी पाहुणा माझ्याकडच्या तक्रारींत क्वचितच निघतो. बहुतेक वेळा आपणच कोणाला तरी दार उघडून दिलेलं असतं.

दहा गोष्टी सांगू नका. एकच सांगा, आज करतो.

बॅकअप. आणि बॅकअप झाल्यावर वायर काढायची.

२०१९ ची दिवाळी तोंडावर आली होती. सियागंजातल्या सुकामेव्याच्या एका ठोक दुकानातून सकाळी सव्वादहाला फोन आला, "टॅली उघडत नाहीये." टॅली म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर. गेलो तर मुनीमजी मॉनिटरसमोर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेले, जणू कोणी हात लावू नका म्हणून दम दिलाय. फोल्डर उघडलं. प्रत्येक फायलीच्या नावाला चार अनोळखी अक्षरांचं शेपूट आणि सगळे आयकॉन पांढरेफटक. डेस्कटॉपवर मजकुराची एक फाइल: बिटकॉइनमध्ये पैसे द्या, मग किल्ली देतो. मी म्हटलं, "घाबरू नका, बॅकअपची डिस्क आहे." ती मीच बसवली होती. सीपीयूच्या मागे कायमची जोडलेली, रोज रात्री आपोआप बॅकअप घेणारी. मोठ्या तोऱ्यात उघडली. तिथेही तेच शेपूट.

डिस्क जोडलेली होती, म्हणजे व्हायरसच्या लेखी ती त्याच घरातली आणखी एक खोली. चूक माझी. मालक एका शब्दाने बोलले नाहीत, त्यामुळे ते जास्त लागलं. वाचलो ते सीएंच्या ऑफिसमुळे. जुलैपर्यंतचा डेटा त्यांनी रिटर्नसाठी पेनड्राइव्हवर नेला होता. पुढची तीन महिन्यांची बिलं मुनीमजींनी कागदी पर्च्यांवरून परत चढवली, दुकान वाढवल्यावर, एकोणीस रात्री.

तेव्हापासून मी सगळीकडे असं करायला लावतो. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्यायच्या, मार्करने एकीवर 'अ', दुसरीवर 'आ'. एक दुकानाच्या कपाटात, दुसरी घरी, दर शनिवारी अदलाबदल. दुकानाला आग लागली, चोरी झाली किंवा पावसात पाणी शिरलं, तरी घरची डिस्क शाबूत राहते. महिन्यातून एकदा घरच्या लॅपटॉपवर तो बॅकअप उघडून कालपरवाचं बिल दिसतंय का ते बघायचं. न उघडून बघितलेला बॅकअप म्हणजे न ऐकलेली मन्नत, झाली की नाही कोणास ठाऊक.

टॅलीवाल्यांसाठी आणखी एक. टॅली वॉल्टचा, म्हणजे टॅलीतला डेटा कुलूपबंद करणारा, पासवर्ड लावला असेल आणि तो विसरलात, तर तो डेटा टॅली कंपनीलाही उघडून देता येत नाही. तो पासवर्ड कागदावर लिहून घरच्या तिजोरीत ठेवा. इथे कागद चांगला.

गूगल ड्राइव्हवर सगळं आपोआप जातं की. मग डिस्क कशाला?

ड्राइव्ह असू द्या, छान आहे. पण 'आपोआप जातं' याचा अर्थ इकडे खोडलं की तिकडेही खोडलं जातं, इकडे बिघडलं की बिघडलेलंच तिकडे चढतं. ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते, मग जाते. मुनीमजींनी मार्चमध्ये चुकून उडवलेलं फोल्डर तुम्ही जूनमध्ये शोधायला गेलात तर काय मिळणार?

फायली लॉक झाल्या आणि पैसे मागतायत. द्यायचे का?

माझं मत: नाही. पैसे देऊन किल्ली न मिळालेले लोकही आहेत, आणि एकदा दिलेत की देणाऱ्यांच्या यादीत नाव चढतं.

आधी नेटची वायर उपटा, वायफाय बंद करा, म्हणजे शेजारच्या कॉम्प्युटरवर जाणार नाही. त्या धमकीच्या मजकुराचा मोबाइलवर फोटो काढा. घाईघाईने फॉरमॅट मारू नका. माझ्याकडे आणणारे निम्मे लोक आधी कोणाकडून तरी फॉरमॅट मारून आणतात आणि मग विचारतात, काही निघेल का. नो मोअर रॅन्सम नावाचं एक संकेतस्थळ आहे. युरोपोल, डच पोलीस आणि दोन अँटिव्हायरस कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेलं. तिथे लॉक झालेली एक फाइल चढवली की कोणता प्रकार आहे आणि त्याची किल्ली फुकट उपलब्ध आहे का, ते कळतं. आज नसली तरी वर्षभराने येऊ शकते, म्हणून लॉक झालेल्या फायलींची डिस्क जपून ठेवा.

सरकारची सर्ट-इन ही संस्था अशा घटनांची नोंद घेते. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार कंपन्या-संस्थांनी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिथे कळवायचं असतं. पोलिसांकडची तक्रार वेगळी, ती सायबर क्राइमच्या पोर्टलवर.

भिया, ओरिजिनल विंडोज कशाला? क्रॅक मस्त चालतंय की.

हा प्रश्न इंदुरात जितक्या प्रेमाने विचारतात तितका कुठेच विचारत नसतील. क्रॅक म्हणजे कुलूप तोडलेलं चोरीचं सॉफ्टवेअर. कायद्याचं आधी सांगतो, मग मुद्द्याचं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब प्रमाणे चोरीचं सॉफ्टवेअर माहीत असून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे.

आता मुद्द्याचं. क्रॅक चालवण्याआधी पहिली सूचना काय असते आठवा: 'अँटिव्हायरस बंद करा.' म्हणजे चोराला घरी बोलवायचं आणि त्याच्यासाठी आधी कुत्रं बांधून ठेवायचं. फायली लॉक करणाऱ्या व्हायरसांचं स्टॉप-जेव्हू नावाचं एक मोठं कुटुंब तर मुख्यतः क्रॅक आणि की-जनरेटरमधूनच पसरलं. सियागंजातल्या त्या मशीनवरही आदल्या आठवड्यात भाच्याने फोटोचं एक क्रॅक सॉफ्टवेअर टाकलं होतं.

फक्त कोटेशन आणि पत्रंच लिहायची असतील तर लिब्रे ऑफिस घ्या. फुकट आहे, कायदेशीर आहे, मराठी छान उमटतं.

अँटिव्हायरस कोणता घेऊ?

विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर आधीपासून असतो आणि दुकानाच्या कामाला पुरतो, फक्त तो चालू आहे आणि अपडेट होतोय हे बघा. विकतचा घ्यायचा तर एकच घ्या. दोन टाकले की ते एकमेकांशीच भांडत बसतात आणि कॉम्प्युटर बैलगाडीसारखा चालतो. क्विक हील आपल्या पुण्याचं. कैलास काटकरांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात केली होती, म्हणून आम्हा दुरुस्तीवाल्यांना त्यांचं जरा कौतुक. पण कौतुक वेगळं आणि गरज वेगळी, हे मी गिऱ्हाइकाला सांगतो.

विंडोज १० अजून नीट चालतंय. बदलायलाच हवं का?

चालतंय, पण १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचे नेहमीचे सुरक्षा-अपडेट बंद झाले. वाढीव मुदतीच्या योजनेत नोंदणी केली तर ते काही काळ मिळतात, म्हणजे मशीन बदलायला तेवढी सवड. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, त्यामुळे जुन्या मशीनवर ते रीतसर चढत नाही.

खर्च करायचा नसेल तर मधला मार्ग: जुन्या मशीनवर फक्त बिलं आणि टॅली, नेट बंद. बँकेचं आणि जीएसटीचं काम दुसऱ्या, अपडेट असलेल्या मशीनवर. आणि विंडोज ७ वर अजून कोणी बँकिंग करत असेल, त्याचे अपडेट जानेवारी २०२० मध्येच संपले, तर त्यांनी हे वाचणं थांबवून मला फोन करावा.

कॉम्प्युटरवाला लांबून मशीन चालवतो, त्याच्याकडे पासवर्ड आहे. यात काही वावगं?

हा प्रश्न मला, म्हणजे खुद्द कॉम्प्युटरवाल्याला, फार कमी लोकांनी विचारला. विचारायला हवा.

एनीडेस्कसारखं सॉफ्टवेअर दोन प्रकारे चालतं. एक, मी जोडणी मागतो, तुमच्या स्क्रीनवर विचारणा येते, तुम्ही हो म्हणता. दुसरं, त्यात कायमचा पासवर्ड ठेवलेला असतो आणि मी रात्री दोन वाजता, तुम्ही झोपेत असतानाही आत येऊ शकतो. सोयीसाठी बहुतेक दुरुस्तीवाले दुसरा प्रकार लावून ठेवतात. मीही लावत होतो. मग एके दिवशी माझ्याकडचा पोरगा काम सोडून गेला, आणि संध्याकाळी चहा पिताना लक्षात आलं की चाळीस-एक दुकानांचे पासवर्ड त्याच्या मोबाइलमध्ये आहेत. पोरगा भला होता. तरी पुढचे चार दिवस मी दुकानं फिरून पासवर्ड बदलत होतो आणि कोणालाही कारण सांगितलं नव्हतं. आज सांगतोय.

तर कायमचा पासवर्ड काढून टाका. काम असेल तेव्हा सॉफ्टवेअर उघडा, स्वतः 'हो' म्हणा, काम होईपर्यंत समोर बसा, मग बंद करा. विंडोजमध्ये दोन खाती करा: ॲडमिनचं मालकाचं आणि रोजच्या कामाचं साधं खातं मुनीमजींचं. साध्या खात्यातून वाटेल ते सॉफ्टवेअर टाकता येत नाही, भाच्यालासुद्धा.

आता याहून नाजूक जागा. जीएसटी पोर्टलवर तुमच्या दुकानाच्या नावापुढे मोबाइल आणि ईमेल कोणाचा आहे? पुष्कळ ठिकाणी तो चार वर्षांपूर्वीच्या अकाउंटंटचा निघतो. नोंदणी त्याने केली, ओटीपी त्याच्या फोनवर येत राहिला, तो नोकरी सोडून देवासला गेला. माल वाहतुकीला लागणाऱ्या ई-वे बिलाच्या पोर्टलवर दोन टप्प्यांचं लॉगिन १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच सक्तीचं झालं, तेव्हा ट्रक भरून उभा आणि ओटीपी देवासला, असे फोन मला आले. आजच लॉगिन करून बघा. तसंच दुकानाचं ईमेल, वेबसाइटचं नाव आणि गूगल मॅपवरचं दुकान कोणाच्या खात्यावर आहे, तेही. वेबसाइट बनवणाऱ्याने नाव स्वतःच्या खात्यात घेतलेलं असलं, तर भांडण झाल्यावर ते परत मिळवणं हे भाडेकरू काढण्याइतकंच कटकटीचं.

पासवर्ड दर महिन्याला बदलायचा का?

नको. बदलायला लावलं की लोक 'राम१' चं 'राम२' करतात. लांब ठेवा: आजीची एखादी म्हण, चार-पाच शब्द, मध्ये एखादा आकडा. प्रत्येक ठिकाणी वेगळा. लक्षात राहत नाहीत तर वहीत लिहा आणि वही गल्ल्याच्या कुलपात ठेवा. रशियातला चोर तुमचा गल्ला उघडायला येणार नाही. ईमेलला मात्र दोन टप्प्यांचं लॉगिन लावाच, कारण बाकी सगळे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात.

गिऱ्हाईक पेमेंटचा स्क्रीनशॉट दाखवून माल घेऊन जातं. कसं ओळखू?

स्क्रीनशॉट बघूच नका. खोटी पावती दाखवणारी ॲप मिळतात, हिरवी बरोबरची खूण, आवाज, सगळं हुबेहूब. आपला साउंडबॉक्स बोलला किंवा आपल्या ॲपमध्ये रक्कम दिसली, तरच माल द्यायचा. गर्दीच्या वेळी साउंडबॉक्सचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून दुसरा फोन काउंटरवर ठेवा.

क्यूआरचं स्टिकर रोज सकाळी बघायचं. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात, खजुराहोला, रात्रीतून दुकानांच्या क्यूआरवर दुसरेच क्यूआर चिकटवून गेले होते. आमच्या गल्लीतले एक काका रोज शटर उघडलं की अंगठ्याच्या नखाने स्टिकरचा कोपरा खरवडून बघतात, खाली आणखी एक कागद लागतोय का ते. मग स्वतःच्या दुसऱ्या फोनने स्कॅन करतात, नाव वाचतात, मग उदबत्ती.

आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही. कोणी 'पैसे पाठवतोय, पिन टाका' म्हणालं की पैसे जाणार आहेत. व्यक्तीने व्यक्तीकडे यूपीआयवर पैसे मागायची सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, पण दुकानाच्या नावाने येणाऱ्या मागण्या चालू आहेत.

आमचं चालू खातं अचानक गोठवलं. आम्ही तर काहीच केलं नाही!

गेल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात रडवेले फोन याचेच. होतं असं: कुठेतरी कोणाची तरी फसवणूक झाली, तो पैसा चार-पाच खात्यांतून फिरला, आणि शेवटच्या माणसाने त्यातल्या अठराशे रुपयांचा तुमच्याकडून मिक्सर घेतला. तक्रार झाली की पोलीस पैशाच्या मागावर एकेक खातं धरत येतात. पूर्वी हे सीआरपीसी या जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम १०२ खाली व्हायचं, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसच्या १०६ खाली होतं. तक्रार दुसऱ्याच राज्यातली असते, तुमची बँक म्हणते आमच्या हातात काही नाही.

बँकेशी भांडण्यात दिवस घालवू नका. शाखेतून लेखी तीन गोष्टी घ्या: तक्रारीचा क्रमांक, कोणत्या राज्याचं कोणतं पोलीस ठाणं, आणि किती रक्कम वादात आहे. मग त्या ठाण्याला ईमेल: त्या दिवसाचं बिल, जीएसटी नोंदणी, खात्याचा उतारा, शक्य तर काउंटरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण. माल विकल्याचा पुरावा असला की गाडी हलते, हळूच, पण हलते. पूर्ण खातं बंद असेल तर फक्त वादातली रक्कम रोखून बाकी मोकळं करा अशी लेखी मागणी करा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तसाच निकाल दिलेला आहे, वकिलांना तो माहीत असतो.

यातला धडा महाग आहे: यूपीआयवर घेतलेल्या प्रत्येक रकमेचं बिल फाडा, दोनशेचं असलं तरी. 'कॅश हवीय, तुम्हाला यूपीआय करतो, वर पन्नास ठेवा' म्हणणाऱ्याला हात जोडा. आणि दुकानाचं एकच खातं ठेवू नका. पगार आणि वीजबिलापुरता पैसा दुसऱ्या बँकेत असू द्या, आणि त्या खात्याचा क्यूआर कुठेही लावू नका.

ओटीपी सांगून बसलो, पैसे गेले. आता?

१९३०, सायबर फसवणुकीची सरकारी मदतवाहिनी. हे वाचून होईपर्यंत थांबू नका, आधी तो नंबर लावा, मग बँकेला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तर परत मिळण्याची शक्यता असते, म्हणून मिनिटं मोजायची. घरच्यांपासून लपवण्यात लोक पहिली रात्र घालवतात, आणि तीच महाग पडते.

रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक बहुतेकांना माहीत नसतं. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसरीकडेच काही फुटलं, अशा व्यवहारात बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर शून्य बोजा. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर लघुउद्योगाच्या चालू खात्याला जास्तीत जास्त १० हजार. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवायचा.

बँकेच्या नावाने लिंक आली तर शेवट बघा. बँकांची संकेतस्थळं आता 'डॉट बँक डॉट इन' वर गेली आहेत. आणि व्हिडिओ कॉलवर वर्दी घालून 'डिजिटल अरेस्ट' सांगणारा पोलीस नसतोच, तसली अटक आपल्या कायद्यात नाही.

माल पुरवणाऱ्याचा ईमेल आला, 'आमचं बँक खातं बदललंय.' पैसे पाठवू का?

त्याला फोन करा. ईमेलमधल्या नंबरवर नको, तुमच्या वहीतल्या जुन्या नंबरवर. सांवेर रोडच्या एका कारखानदाराला असा ईमेल आला होता. पत्ता तोच, फक्त नावातल्या एका 'एम' च्या जागी 'आर' आणि 'एन' जोडून. बारीक अक्षरात मला स्वतःला तिसऱ्यांदा वाचल्यावर दिसलं. त्यांचं नशीब की पाठवण्याआधी सहज विचारलं.

व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली, उघडत नव्हती, काहीतरी टाकायला लावलं...

पत्रिका कधी एपीके नसते. ती फोटो असते किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे ॲप, आणि ते टाकून परवानग्या दिल्यात की तुमचे मेसेज, म्हणजे ओटीपी, दुसरा वाचतो. वाहनाच्या चलनाच्या नावाने येणारी फाइलही त्यातलीच. टाकलंच असेल तर फोन लगेच फ्लाइट मोडवर, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, फोनचा डेटा वाचवून पूर्ण रीसेट. फोनवर ##००२# लावून कॉल फॉरवर्डिंगही रद्द करा. व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हाइस' मध्ये अनोळखी मशीन दिसतंय का ते बघा, आणि दोन टप्प्यांचा पिन लावा.

कॅमेरे लावलेत, वायफाय आहे. त्यात काय बघायचं?

डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्याचा, पासवर्ड कंपनीचा आहे तोच असेल तर तुमचं दुकान जगाला दिसू शकतं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर कामाला लावले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका रुग्णालयातलं महिला रुग्णांचं चित्रण बाहेर विकलं जात असल्याचं उघड झालं. मल्हारगंजातल्या डॉक्टरांना मी म्हणूनच सांगतो, तपासणीच्या खोलीत कॅमेरा नकोच. राउटरला 'गेस्ट' वायफाय असतं, गिऱ्हाइकाला ते द्या, टॅलीचं मशीन वेगळ्यावर राहू द्या.

गिऱ्हाइकांच्या आधारच्या प्रती कॉम्प्युटरात साठल्यात. चालेल?

लागत नसतील तर उडवा. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत. जी माहिती आपल्याकडे नाही ती आपल्याकडून फुटत नाही. झेरॉक्सवाल्यांनो, रोज रात्री 'डाउनलोड्स' रिकामं करा. मी एकदा एका दुकानात माझं बिल छापायला गेलो, तर यादीत अर्ध्या मोहल्ल्याची मार्कशीट, पॅन आणि भाडेकरार होते.

जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचाय. डेटा डिलीट केलाय.

डिलीट म्हणजे अनुक्रमणिकेतलं पान फाडलं, पुस्तक तसंच आहे. मी जुन्या हार्ड डिस्क वापरायला घेतो. एकदा एकीत कोण्या दुकानाची पाच वर्षांची उधारी निघाली, नावं आणि फोन नंबरांसकट, शेवटी 'हा देत नाही' असा शेरा असलेली. हार्ड डिस्क मशीनमधून काढून घ्या, मशीन विका. डिस्क पुन्हा वापरायची नसेल तर तिला तीन-चार भोकं पाडा. आमच्याकडे ड्रिल आहे, दुपारी तीननंतर या, गर्दी नसते. पैसे नाही घेत, समोरच्या टपरीवरचे दोन कट चहा तुमच्याकडून.